नऊ पायऱ्यांचं पाणी

भिंतीवरचा एक शब्द रंगवून देण्यात नेव्हिल पास्कोला काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. मंडळाच्या फळीवर सोनेरी अक्षरांत नाव. पत्र्याच्या शेडखाली, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात कायमची खुर्ची. दर रविवारी सगळ्यांच्या आधी सॉसेज, आणि तेही न करपलेलं. आणि सगळ्यात मोठी जमेची बाजू, जी त्याने बायकोखेरीज कोणाला बोलून दाखवली नव्हती, ती अशी, की टॅराबिन वॉलरस हिवाळी जलतरण मंडळाच्या आजीव सभासदावर पाण्यात उतरायची सक्ती नाही. घटनेत तसं कलमच आहे, नऊ-ब. गारठ्याने हृदय बंद पडण्याची भीती असलेल्या वयोवृद्धांसाठी ते घातलेलं. नेव्हिलचं हृदय ठणठणीत होतं. त्याला पोहता येत नव्हतं, एवढंच.

हिवाळी जलतरण मंडळात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला पोहता येत नाही, हे कानाला विचित्र वाटतं, पण विचार केला तर त्यात काही अशक्य नाही. लग्नांत आयुष्य काढलेले भटजी ब्रह्मचारी असतातच की. मे ते सप्टेंबर, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, दर रविवारी सकाळी, समुद्रकाठच्या खडकात बांधलेल्या तलावात टॅराबिनची पन्नास-साठ शहाणीसुरती माणसं दात वाजवत शर्यती लावतात. त्यांच्या वेळा नोंदवायला काठावर एक तरी माणूस कोरडा लागतो. नेव्हिल तो कोरडा माणूस. तो वाढला समुद्रापासून दूर आत, गव्हाच्या मुलखात. तिथली नदी आठ वर्षांतून एकदा यायची आणि कोणी बघायला जाईपर्यंत निघून जायची. टॅराबिनला आल्यावर पहिल्याच रविवारी कोणीतरी ‘जरा धर’ म्हणून त्याच्या हातात स्टॉपवॉच दिलं. ते त्याने आजतागायत खाली ठेवलं नव्हतं.

यंदा मात्र आभाळ फाटलं. मंडळाचा अध्यक्ष रॉस बिडल, निवृत्त खाटीक, सव्वासहा फूट उंच आणि मनाने तितकाच रुंद. त्याने वेळ मोजणारी विजेची पट्टी आणली. पोहणाऱ्याने पलीकडे जाऊन हात टेकला की वेळ आपोआप पडद्यावर. ही बातमी रॉसने नेव्हिलला अशी सांगितली, जशी कैद्याला सुटका सांगतात. “बावीस वर्षं आमच्यापायी कोरडा राहिलास, नेव्ह. मला वाईट वाटायचं रे. आता मोकळा झालास. पहिल्या रविवारी तुझी उडी पहिली.”

नेव्हिलने घरी येऊन घटना उघडली. एकतीस वर्षं सरकारी जमीन-नोंदणी कचेरीत काढलेला माणूस संकटात देवाचं नाव घेत नाही, तो कलमं वाचतो. साधा सभासद असेल तर, वेळ नोंदवणारा तेवढा सोडून, चारांपैकी तीन रविवारी पोहलंच पाहिजे, नाहीतर नाव कमी. आजीव सभासदाला सूट. आजीव सभासद व्हायला वीस वर्षं सेवा हवी, ती होती, आणि ‘मंडळासाठी केलेलं एखादं टिकाऊ काम’ हवं, ते नव्हतं. बावीस वर्षांच्या नोंदवह्या होत्या, पण त्यांतल्या निम्म्या दमट हवेने एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की त्यांना टिकाऊ म्हणता आलं असतं, उपयोगी नव्हे.

तेव्हा त्याला भिंत आठवली. तलावाच्या दक्षिण टोकाच्या रुंद भिंतीच्या माथ्यावर, माणूस चालत जाईल तर पायाखाली येईल असा, एक इंग्रजी शब्द काळ्या रंगात लिहिलेला होता : ‘डीप’. पाणी खोल आहे, जपून, एवढाच त्याचा अर्थ. खाऱ्या वाऱ्याने आणि गेल्या वर्षीच्या वादळाने त्याचं पहिलं अक्षर पार धुऊन नेलं होतं. उरलेल्याचा उच्चार ‘ईप’ असा होई, म्हणजे उंदराच्या शेपटीवर पाय पडल्यावर तो काढतो तसा. चार अक्षरं, एक डबा रंग, अर्ध्या दिवसाचं काम. त्याने समितीपुढे प्रस्ताव ठेवला, रॉसने टेबलावर मूठ आपटून तो मंजूर केला, आणि मोसमाच्या पहिल्या दिवशी, शब्द तयार असेल तर, नेव्हिलला आजीव सभासद जाहीर करायचं ठरलं. सूचक रॉस, अनुमोदक डल्सी हॅनिगन.

इथे दोन माणसांचं ऐकलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. पहिली त्याची बायको मॉरीन. ती म्हणाली, उद्या सकाळी जा, रंग लाव, घरी ये, कोणाला विचारू नकोस. दुसरा त्याचा शेजारी, जो झामित नावाचा, माल्टाहून लहानपणी आलेला, जन्मभर काँक्रीटची कामं केलेला. हा जो झामित कुंपणावर कोपर टेकवून जगातल्या कुठल्याही प्रश्नावर एकच सल्ला देतो. गुलाबाला कीड लागली तरी तो म्हणतो, काँक्रीट ओत. याही वेळी त्याने शब्द काँक्रीटमध्ये कोरून काढायला सांगितला, पण पुढे एक शहाणपणाचं वाक्य जोडलं : “नगरपालिकेला विचारशील तर मेलास. त्यांना न विचारता पूल बांधला तरी दिसत नाही, पण खिळ्याची परवानगी मागितलीस की त्यांना भिंत दिसते.”

नेव्हिल विचारायला गेला. ज्याने एकतीस वर्षं लोकांना ‘अर्ज आणलात का?’ असं विचारलं, त्याला विनाअर्ज रंग लावताना हात कापला असता.

नगरपालिकेला भिंत दिसली. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, की तलाव नव्वद वर्षं जुना असून वारसा-यादीत आहे. सबब भिंतीवरचा शब्द हाही वारसा आहे. अक्षरांचं वळण, उंची आणि रंग मुळाबरहुकूम हवेत, अर्ज चार प्रतींत, सोबत शब्दाचं जुनं छायाचित्र. आणि एकदा मंजूर झाल्यावर तो शब्द पुसणं, झाकणं किंवा बदलणं हा दंडनीय अपराध समजला जाईल. शेवटचं वाक्य कोणीच नीट वाचलं नाही. ते आपण लक्षात ठेवू.

छायाचित्र मिळालं डल्सीकडे. डल्सी हॅनिगन एक्याऐंशी वर्षांची, उंची पावणेपाच फूट, टॅराबिनच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या गावाला तिने वाचायला शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला ओरडून. गेल्या साठ वर्षांत तिने हिवाळ्याचा एक रविवार चुकवला नव्हता. तिने बिस्किटांच्या डब्यातून एकोणीसशे एकसष्ट सालचा फोटो काढून दिला. पोहण्याच्या पोशाखात, कमरेवर हात ठेवून, ती भिंतीवर उभी. अडचण एवढीच, की मधली दोन अक्षरं तिच्या पायांमागे गेली होती. त्यावर नगरपालिकेने खुलासा मागवला, की अक्षरांचा न दिसणारा भाग अर्जदाराने कशाच्या आधारे गृहीत धरला आहे. नेव्हिलने चार प्रतींत लिहून दिलं, की इंग्रजी भाषेच्या आधारे.

वारसा विभागाची मंजुरी आली. एवढं झाल्यावर कोणालाही वाटेल की सुटलो. त्यालाही वाटलं. तेवढ्यात प्रकरण वारसा विभागातून जोखीम विभागात गेलं, आणि केरी-ॲन ड्रमंड नावाची तरुण अधिकारी हातात कागद अडकवायची फळी घेऊन मंडळाच्या बैठकीला हजर झाली. मुलगी स्वभावाने गोड होती. पहिल्याच वाक्यात त्याला नेव्हिल म्हणून हाक मारली, ते त्याने मनाला लावून घेतलं, पण इथे सगळेच तसं म्हणतात, बोलायची सोय नाही. तिचा मुद्दा असा होता, की खोल हे विशेषण आहे आणि विशेषणाला सुरक्षेच्या नियमांत जागा नाही. खोल म्हणजे किती? कोणासाठी?

मग जी चर्चा झाली तिच्यात चहाच्या तीन किटल्या आटल्या. रॉस म्हणाला, जे छातीपर्यंत येतं त्याला तो खोल म्हणत नाही. डल्सी म्हणाली, त्याच्या छातीपर्यंत येतं त्यात ती टोपीसकट बुडते. एकाने सुचवलं की सरासरी सभासदाची उंची काढावी. दुसऱ्याने विचारलं, अंघोळीच्या टपात वर्षाला कितीतरी माणसं बुडतात, तेव्हा टपावरही लिहायचं का. जो झामित सभासद नव्हता, केवळ सॉसेजसाठी आला होता. त्याने तळाला काँक्रीट ओतून प्रश्न कायमचा मिटवायची तयारी दाखवली.

अखेर डल्सीने पिशवीतून शब्दकोश काढला. ती तो घेऊनच आली होती, त्यावरून चर्चा कुठे जाणार हे तिला आधीच माहीत असावं. या एका शब्दाला कोशात दोन पानं होती. आपल्याकडे पाणी खोल असतं, झोप गाढ, रंग गडद, विचार सखोल, दुःख गहिरं, आवाज भारदस्त आणि श्वास दीर्घ. प्रत्येकाला आपण वेगळं कापड फाडतो. इंग्रज माणूस काटकसरी, तो या सगळ्यांना एकच सदरा घालतो आणि वर धुऊन पुन्हा वापरतो. त्याचा खिसाही याच शब्दाने खोल असतो, आणि ज्याच्या पोटातलं ओठावर येत नाही असा माणूसही. डल्सीने सगळं वाचून चष्मा काढला. म्हणाली, “यातलं भिंतीवर एकच लागू आहे. पाय टेकायला गेलास तर टेकणार नाहीत. मुलांनो, त्याला आकडा नसतो. ते पायांना कळतं.”

हे वाक्य सगळ्यांना पटलं. नेव्हिलला जरा जास्तच पटलं. केरी-ॲनलाही आवडलं, पण तिच्या फळीवर आकड्याची चौकट होती आणि ती रिकामी ठेवता येत नव्हती. तोडगा निघाला तो असा : एक मीटर ऐंशीच्या वर पाणी असेल तर शब्द राहील. नसेल तर पुढचं नगरपालिका ठरवेल. खोली मोजायची ओहोटीच्या वेळी, तिच्या समक्ष, आणि मोजणारा मंडळाचा ‘सक्षम सभासद’ स्वतः पाण्यात असावा. काठावरून दोरी सोडून चालणार नाही, कारण मागे दुसऱ्या एका तलावावर दोरी कठड्यावरच टेकली होती आणि त्या आकड्यावर तीन वर्षं कारभार चालला होता.

“सक्षम म्हणजे नेव्ह,” रॉस म्हणाला. “बावीस वर्षांत सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक नाही. माप घ्यावं तर त्याने.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नेव्हिलने उठून आभार मानले. आपण हे का करतोय ते त्याला उठतानाही कळत नव्हतं.

घरी मॉरीनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, सांगून टाक. तिच्या मते त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. तिला स्वतःला गाडी मागे घेता येत नाही आणि ते ती सगळ्या गावाला सांगते. नेव्हिलने तिला समजावलं, की पहिल्या रविवारी सांगितलं असतं तर ती साधी गोष्ट होती. दुसऱ्या रविवारी गंमत झाली असती. बावीस वर्षांनी ती फसवणूक होते. या काळात त्याने किती जणांना ‘वळताना डोकं खाली ठेव’ म्हणून सल्ले दिले होते. रॉस तर सांगत फिरे, की नेव्हच्या सल्ल्याने त्याची वेळ चार सेकंदांनी सुधारली.

“तुला खुर्ची जाईल याची भीती वाटते,” मॉरीन म्हणाली.

“लोक जातील याची वाटते,” नेव्हिल म्हणाला. निवृत्तीनंतर आठवड्यात एक रविवारच असा होता, की कोणीतरी त्याची वाट बघे.

मग तयारी सुरू झाली. त्याने वाचनालयातून ‘प्रौढांसाठी पोहणे’ हे पुस्तक आणलं, ते गावात कोणी ओळखू नये म्हणून बागकामाच्या वेष्टनात घालून वाचलं, आणि परसात पियानोच्या स्टुलावर पालथा पडून हातपाय मारायचा सराव केला. जो झामितने कुंपणावरून बराच वेळ पाहिलं आणि पोटदुखीवर एरंडेल सुचवलं. टपात डोकं बुडवून श्वास धरायचा प्रयोग स्टॉपवॉच लावून केला. सर्वोत्तम कामगिरी एकोणीस सेकंद. त्यातले शेवटचे सहा तो आत अडकला समजून मॉरीन दार वाजवत होती. शेवटी जोने, कारण न विचारता, आपला जुना रबरी पोशाख देऊ केला. त्यात माणूस आपोआप तरंगतो म्हणे. तो बेतला होता जोच्या तारुण्यावर. नेव्हिलला त्यात घालायला दोन माणसं आणि बाहेर काढायला कात्री लागली.

तारीख ठरवणं मात्र त्याच्या हातात होतं आणि ते काम त्याला येत होतं. त्याने वर्षाचं भरती-ओहोटीचं कोष्टक मांडीवर घेतलं, पट्टी लावली, आणि मोसमाच्या पहिल्याच रविवारी सकाळी सात चाळीसची ओहोटी महिन्यातली सगळ्यात खालची निघाली. कागदावर याहून सुंदर वेळ नव्हती. एकाच सकाळी मोजणी, उद्घाटन आणि आजीव सभासदत्व. त्याने ती रॉसला कळवली.

रॉस फोनवर म्हणाला, “याच रविवारी? अरे, शुक्रवारपासून दक्षिणेचं मोठं वारं आहे म्हणतात. समुद्र खवळणार.”

नेव्हिलला वाटलं, हा थंडीबद्दल बोलतोय. त्याने जरा ताठपणे सांगितलं, की वाऱ्याबिऱ्याला घाबरून सरकारी कामाच्या तारखा बदलत नाहीत.

मग रॉस हसायला लागला, पोटातून, बराच वेळ. “कळलं मला,” तो म्हणाला. “कोणाला बोलत नाही.” नेव्हिलला काहीच कळलं नाही, पण समोरचा इतका खूश असताना काय कळलं म्हणून विचारणं बरं दिसत नाही.

गुरुवार हा तलाव रिकामा करून घासायचा दिवस. त्या दिवशी त्याने शब्द रंगवला. भिंतीच्या मध्यावर गुडघे टेकून, दोन्ही बाजूंना तोंड न फिरवता, चार अक्षरं, प्रत्येक पाऊण मीटर उंच, एकसष्ट सालच्या वळणाची. काम खरंच देखणं झालं. मग त्याने नको तेच केलं. कडेपाशी सरकून तळाकडे पाहिलं. लोखंडी शिडीच्या नऊ पायऱ्या खाली गेल्या होत्या, आणि नववीच्याही खाली हिरवट काँक्रीट चमकत होतं. त्याने पायऱ्या वरून खाली मोजल्या, खालून वर मोजल्या. नऊच. रविवारी त्या सगळ्यांवर पाणी असणार होतं आणि त्या पाण्यात तो.

शुक्रवारी वारं सुटलं. शनिवारभर लाटा भिंतीवरून उड्या मारत होत्या. नेव्हिलला एकच काळजी, रंग टिकेल ना.

रंग टिकला. रविवारी सकाळी वारं पडलं होतं, पाणी गढूळ, वर फेस, आणि उद्घाटनाच्या प्रथेप्रमाणे मासळीवाल्याकडून आणलेल्या बर्फाच्या लाद्या त्यात तरंगत होत्या. सगळं मंडळ टॉवेल पांघरून काठावर जमलं होतं, आणि नेव्हिलला वाटलं की आज सगळेच आपल्याकडे बघून गालात हसतायत. मोजणी होईपर्यंत कोणी पाण्यात उतरायचं नाही असं ठरलं होतं. एकटी डल्सी उतरली होती, पण डल्सीला काही ठरवून देण्याची टॅराबिनमध्ये रीत नाही. ती शिडीपाशी होती. तिची तेवढी पांढरी टोपी आणि हनुवटी पाण्याच्या वर दिसत होती. केरी-ॲन जाड कोट घालून फळी सरसावून उभी. स्थानिक वर्तमानपत्राचा एक माणूस कॅमेरा घेऊन.

नेव्हिलने गळ्यातलं स्टॉपवॉच काढून मॉरीनच्या हातात दिलं. ती हळूच म्हणाली, “अजून सांगता येईल.” त्याने मान हलवली, एका हातात मोजपट्टीची काठी घेतली, दुसऱ्याने शिडी धरली, आणि जगाकडे पाठ करून उतरायला लागला.

पहिली पायरी कोरडी होती. दुसरीवर घोट्याला जे लागलं ते पाणी नव्हतं, ती सुरी होती. तिसरी. त्याने मनातल्या मनात बाकी काढली, सहा. चौथीवर श्वास अडकला. आता हात सोडायचा, काठी सरळ धरायची आणि पुस्तकाच्या सत्ताविसाव्या पानावर दाखवल्याप्रमाणे पाय सायकलसारखे चालवायचे. त्याने डोळे मिटले. शेवटचा विचार आला तो असा, की फळीवर नाव नसेल तर निदान कबरीच्या दगडावर तरी असेल. आणि त्याने पाचवीसाठी पाय खाली सोडला.

पाय टेकला.

त्याने दुसरा सोडला. तोही टेकला. खाली मऊ, गार, घट्ट वाळू होती. पाणी बेंबीपाशी येऊन थांबलं आणि पुढे यायचा त्याचा काही विचार दिसेना. नेव्हिलने डोळे उघडले. तो उभा होता. बर्फाची एक लादी त्याच्या पोटाला लागून पुढे गेली. त्याच्या समोर भिंतीच्या माथ्यावर ताज्या काळ्या रंगात, चार प्रतींत मंजूर झालेला शब्द होता, ‘डीप’, आणि त्याखाली तो कमरेइतक्या पाण्यात काठी धरून उभा होता.

मागून आलेलं हसू एकाचं नव्हतं, साठ जणांचं होतं. त्याची मान आपोआप खाली गेली. तेवढ्यात कळलं, की ते त्याला हसत नाहीयेत. सगळे केरी-ॲनकडे बघत होते.

जे मंडळातल्या प्रत्येक ओल्या माणसाला माहीत होतं आणि एका कोरड्याला नव्हतं, ते असं, की दक्षिणेचं मोठं वारं आलं की समुद्र दोन दिवसांत या टोकाला वाळूने भरून टाकतो. मग महिना महिना तिथे पोहायचं सोडून चालावं लागतं. सहा वर्षं मंडळ नगरपालिकेकडे वाळू उपसायचं यंत्र मागत होतं, आणि सहा वर्षं तेच उत्तर येत होतं, की वाळू नैसर्गिक आहे. नेव्हिल इतकी वर्षं ती किनाऱ्यावरची वाळू समजत होता.

“वाच,” रॉस वरून म्हणाला. नेव्हिलने काठी वाचली. सत्त्याण्णव सेंटिमीटर. त्याचा आवाज कापत होता, पण त्या पाण्यात कोणाचाही कापला असता.

केरी-ॲनने आकडा चौकटीत लिहिला. हुशार मुलगी होती, तिला सगळं एकदम दिसलं. एवढ्या पाण्यावर ‘खोल’ असं लिहिणं म्हणजे धोक्याची खोटी सूचना, आणि तिच्याखाली नगरपालिकेचा शिक्का. कोणी डोकं खाली करून सूर मारला तर मान मोडेल. मग शब्द पुसायचा? ती पानं उलटत त्या शेवटच्या वाक्यापाशी आली. पुसणं, झाकणं किंवा बदलणं, दंडनीय अपराध. पत्राच्या माणसाने तोवर सात फोटो काढले होते.

“शब्द काढता येत नाही,” ती अखेर म्हणाली. “तेव्हा वाळूच काढावी लागेल.”

रॉसने दोन्ही हात वर करून मंडळाला शांत केलं आणि भाषण केलं. म्हणाला, आपण सहा वर्षं पत्रं लिहिली, आणि या माणसाने काय केलं? एक शब्द मागितला. बिचारा अर्ध्या दिवसाचं काम म्हणून आला. तोंडातून अवाक्षर न काढता आधी शब्द मंजूर करून घेतला, मग मोजणीची अट घालू दिली, मग नेमका वादळानंतरचा रविवार निवडला आणि मला फोनवर म्हणतो, वाऱ्याला घाबरून तारखा बदलत नाहीत. “मी याला बावीस वर्षं भोळा समजत होतो. हा खोल पाण्यातला मासा आहे.”

हे सगळं नेव्हिलने कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ऐकलं. आणि आता सांगून टाकावं असं त्याला पहिल्यांदा मनापासून वाटलं. पाय जमिनीवर असले की माणसाला खरं बोलायची हुक्की येते. त्याने तोंड उघडलं. तेव्हा शेजारच्या पाण्यातून एक हात वर आला आणि त्याच्या दंडावर पडला.

“बाळा,” डल्सी म्हणाली, “गारठा आहे. तोंड मिट.”

त्याने खाली पाहिलं. पाणी त्याच्या बेंबीपर्यंत होतं, म्हणजे डल्सीच्या फार तर छातीपर्यंत यायला हवं होतं. ती उकिडवी बसली होती. गेली वीस मिनिटं बर्फाच्या पाण्यात, हनुवटीपर्यंत बुडून, तळ वर आलाय हे केरी-ॲनला आधी कळू नये म्हणून.

“तुम्हाला माहीत होतं?” तो पुटपुटला. “माझं?”

“पोहणारा माणूस काठापासून इतका लांब उभा राहत नाही रे. दुसऱ्याच रविवारी कळलं मला.”

“मग इथे…”

“घाबरलेला माणूस गुडघाभर पाण्यातही बुडतो. म्हटलं, असावं कोणीतरी.”

“आधी सांगायचं होतंत, वाळू आहे म्हणून.”

“आणि तू तारीख बदलली असतीस. मग वाळू कोणाच्या बापाने काढली असती?” ती म्हणाली आणि कुरकुरत्या गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. त्या क्षणी काठावर दुसऱ्यांदा हशा पिकला.

त्या सॉसेजची चव नेव्हिल अजून सांगतो. त्याच्या मते त्या दिवशी ते करपलेलं असूनही तसं लागलं नाही.

आता हिशेब. नेव्हिल आजीव सभासद झाला आणि फळीवर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत लागलं. यंत्र नगरपालिकेने आणलं, आणि दर वादळानंतर आणते, कारण शब्द वारसा आहे. रंगाचा डबा मंडळाच्या खात्यात पडला. जो झामितचा रबरी पोशाख कात्रीत गेला, त्याने तो मोठ्या मनाने सोडून दिला आणि बदल्यात पास्कोंच्या परसात चार फूट काँक्रीट ओतून दाखवलं. रॉसची विजेची पट्टी तिसऱ्या रविवारी खाऱ्या पाण्याने बसली, ती बसलीच. त्यामुळे स्टॉपवॉच पुन्हा नेव्हिलच्या गळ्यात आलं, आणि ज्या खुर्चीसाठी हा खटाटोप केला ती तशीही जाणार नव्हती, हे उघड झालं. मॉरीनने यावर काही बोलायचं नाही असं ठरवलं आहे आणि ती अधूनमधून तसं बोलून दाखवते.

डल्सीला पंधरा दिवस सर्दी होती, तरी रविवारचं पोहणं तिने सोडलं नाही. ती तिने कोणाच्या नावे लिहिली नाही. फक्त बरी झाल्यावर एका मंगळवारी, तलावावर चिटपाखरू नसताना, नेव्हिलला उथळ टोकाला बोलावून घेतलं, आणि पुढचे सगळे मंगळवार. कलम नऊ-ब त्याने तिला दाखवून पाहिलं. ती म्हणाली, ते म्हाताऱ्यांसाठी आहे.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, वाळू उपसलेली, पाणी काचेसारखं, नेव्हिल पास्को उत्तर टोकाकडून निघाला आणि खाली नवव्या पायरीपर्यंत सगळं दिसत असताना त्या शब्दापाशी येऊन भिंतीला हात टेकला. त्याची वेळ चार मिनिटं एकोणीस सेकंद अशी नोंदलेली आहे. मंडळाच्या इतिहासात याहून सावकाश कोणी पोहलेलं नाही. घड्याळ डल्सीच्या हातात होतं. साठ वर्षांत पहिल्यांदाच तिचा रविवार कोरडा गेला होता, आणि ती काठाच्या अगदी कडेला उभी होती.